पंचेचाळिशीतला संगणक-प्रवेश

परळ-लालबागच्या गिरण्यांना 1915 पासून खोपोलीची जलविद्युत पुरविणाऱ्या टाटांच्या वीज कंपन्यांत 1951 साली दाखल झालेले, पेशावरात 1924 मध्ये जन्मलेले फकीरचंद कोहली विद्युत-अभियंता म्हणूनच निवृत्त व्हावयाचे, असे कोणासही वाटले असते. परंतु वीजवहनाच्या नियंत्रणार्थ संगणक योजण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थांकडे, 1968 मध्ये स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा कारभार 1969 साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सोपविण्यात आला आणि तो त्यांनी 1996 पर्यंत सांभाळला. (आज या वयाच्या उमेदवाराचा अर्ज कोणता कारकून पुढे सरकवील?) अर्थात त्यांच्यापाशी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी होती, वरिष्ठांचा विश्वास होता, पण मुंबईतील गिरण्यांच्या 1982 च्या संपात नोकरी गमावलेल्या पंचेचाळिशीतल्या गिरणी कामगाराजवळ यांतले काहीच नव्हते.