घराण्यात चालत आलेली घेरी

"आमच्या घरात अर्धशिशी कुणालाच नाही हो," असं रत्नागिरीच्या दवाखान्यात चक्कर घेऊन आलेला माणूस सहज सांगून जातो. तो खोटं बोलत नसतो. प्रश्न जरा वेगळा विचारावा लागतो, इतकंच. आंबा घाट सुरू झाला की आई हातात लिंबू धरून खिडकीशी बसायची का? महिन्या-दोन महिन्यांनी तिचं पित्त उठायचं, मग ती माजघरातल्या काळोखात डोळ्यांवर पदर टाकून पडून राहायची, मिक्सरचा आवाजही तिला नको व्हायचा, आणि एक मोठी उलटी झाली की संध्याकाळी उठून भाकऱ्या थापायला बसायची, असं होतं का? मुंबईची बोट होती त्या काळात आजी बोट लागते म्हणून माहेरी जायचंच टाळायची का? असं विचारलं की तीन पिढ्यांचा इतिहास पाच मिनिटांत समोर येतो.

कोकम सरबताने शमलेलं ते 'पित्त' पुष्कळदा मायग्रेनच असतं. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज न सोसणं हे सगळं त्या झटक्यातच येतं. त्याची सुरुवात मेंदूत होते, जठरातल्या आम्लात नाही. उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून दोष पोटावर जातो. गाडी लागण्याचंही तसंच. मायग्रेन असलेल्यांना गाडी जास्त लागते हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. २०१५ साली ऐंशी हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीतून गाडी लागण्याशी संबंध असलेल्या ३५ जागा सापडल्या. त्यांतल्या काही तोल, कान आणि मज्जासंस्थेच्या घडणीशी निगडित जनुकांजवळ आहेत. म्हणजे घाटात ओकणाऱ्या पोराला "मनाचे खेळ आहेत" म्हणून दटावण्यात अर्थ नाही.

दुसरी समजूत याहून चिवट आहे: डोकं दुखत नाही, मग मायग्रेन कसलं? चक्कर आणि तोल जाणं हेच मुख्य लक्षण असलेल्या प्रकाराला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. त्याचे निकष बारानी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१२ मध्ये मिळून ठरवले. पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारे किमान पाच झटके, मायग्रेनचा आजचा किंवा पूर्वीचा इतिहास, आणि निदान निम्म्या झटक्यांत डोकेदुखी, उजेड-आवाजाचा त्रास किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा यांपैकी काहीतरी. निम्म्या झटक्यांत, सगळ्या नव्हे. तिशीत डोकं धरून बसणाऱ्या बाईची डोकेदुखी पाळी जाण्याच्या सुमारास कमी होते आणि तिच्या जागी घेरी येऊ लागते, असं बरेचदा दिसतं. वीस वर्षांपूर्वीच्या डोकेदुखीचा या चक्करेशी संबंध असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नसतं. बाजारात वर टांगलेला माल, नक्षीच्या फरशा, मोबाइलवर भराभर सरकणारा पडदा एवढ्यानेही तिला गरगरतं.

आता जनुकांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. आनुवंशिक म्हटलं की लोकांना एकच बिघडलेलं जनुक दिसतं, आईकडून लेकीकडे आलेलं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून मायग्रेनच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास धरतात. पण तो वाटा शेकडो जनुकांत विखुरलेला असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक लाखाहून अधिक मायग्रेन रुग्ण होते. त्यात अशा १२३ जागा सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी किरकोळ. (हे रुग्ण युरोपीय वंशाचे होते. कोकणातल्या माणसाला हेच आकडे जसेच्या तसे लावायला मी तरी धजणार नाही.) वारशाने मिळतो तो आजार नव्हे, कमी उंचीचा बांध. एखाद्याचं खाचर पहिल्याच सरीत भरून वाहतं, शेजाऱ्याचं आषाढातही वाहत नाही. सर म्हणजे एकादशीचा निर्जळी उपास, शिमग्यातली जागरणं, मे महिन्यातलं रखरखीत ऊन, पाळीच्या आधीचे दोन दिवस. म्हणून तर एकाच घरातल्या तिघी बहिणींपैकी एकीला घेरी, दुसरीला नुसती डोकेदुखी आणि तिसरीला काहीच नाही, असंही होतं.

एका जनुकाने होणारं मायग्रेनही असतं, पण ते दुर्मीळ. त्यात झटक्याच्या वेळी अर्धं अंग तात्पुरतं लुळं पडतं. या प्रकाराचं पहिलं जनुक, सीएसीएनए१ए, १९९६ मध्ये सापडलं. त्याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडाने अधूनमधून तोल जाण्याचा एक आजार होतो, त्यावर अॅसिटाझोलामाइड नावाच्या गोळीचा चांगला उपयोग होतो. तिसऱ्या तऱ्हेच्या बिघाडाने वर्षानुवर्षं वाढत जाणारा असमतोल येतो. मायग्रेन आणि तोल यांचं नातं किती आतलं आहे, हे या एका जनुकावरून कळतं. म्हणूनच २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी चक्करेच्या मायग्रेनवाल्यांमध्ये हे आणि त्याच्या जोडीची आणखी तीन जनुकं तपासली. बिघाड कुठेच मिळाला नाही. आजही व्हेस्टिब्युलर मायग्रेन ठरवणारी जनुकीय चाचणी नाही. महागडं पॅकेज घेऊन लाळेची नळी पाठवण्याआधी एवढं ध्यानात असावं. अर्धं अंग लुळं पडण्याचे झटके घराण्यात असतील, तर मात्र चाचणीला अर्थ आहे. तिथे मुलाकडे दोष जाण्याची शक्यता निम्मी असते.

"मामेबहिणीशी लग्न केलं म्हणून पोराला आलं," असंही म्हणतात. नात्यातल्या लग्नाचा धोका मुख्यतः अशा आजारांत असतो, जिथे दोन्ही बाजूंनी तोच दोष यावा लागतो. नेहमीचं मायग्रेन त्यातलं नाही. आणि मुलीचं ठरत असताना तिची चक्कर लपवण्याची धडपडही वायाच जाते, कारण समोरच्या घरातही कुणाचं तरी 'पित्त' असतंच.

लहान मुलांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दोन-तीन वर्षांचं, चांगलं खेळणारं पोर अचानक पांढरं पडतं, आईच्या पायाला घट्ट मिठी मारतं, डोळे थरथरतात. काही मिनिटांत पुन्हा खेळायला पळतं. घरात लगेच मीठ-मोहऱ्या उतरल्या जातात, आणि पोर बरंही होतं, कारण ते एरवीही होणारच असतं. बालपणीच्या या वारंवार येणाऱ्या चक्करेमागे पुष्कळदा आईचं किंवा मावशीचं मायग्रेन असतं. मोठेपणी यातल्या काहींना मायग्रेन होतं. फिट येत नाही ना, हे डॉक्टरांकडून एकदा पाहून घ्यावं.

मानेच्या मणक्याचं तर विचारूच नका. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत मणक्यांची झीज दिसते, मान दुखत नसली तरी. ती दिसली की चक्कर तिच्या नावावर लिहिली जाते आणि गळ्यात पट्टा येतो. कूस बदलताना मिनिटभराच्या आत थांबणारी चक्कर बहुधा कानातले कण सरकल्याने येते, आणि डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून ती जागच्या जागी बरी करता येते. मायग्रेनवाल्यांना हा त्रासही इतरांहून जास्त होतो, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात.

मेडिकलमधून आणलेली चक्करेची गोळी महिनोन् महिने घेणारे पुष्कळ आहेत. झटक्याच्या दिवशी ती ठीक. रोज घेतली तर मेंदूची तोल सावरण्याची सवय मंदावते, आणि प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळीने हातपाय ताठरून कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. झटके वारंवार येत असतील तर प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, अॅमिट्रिप्टिलीन अशी प्रतिबंधक औषधं वापरतात. दमा असलेल्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून निवड डॉक्टरांवर सोडावी. 'आनुवंशिक आहे, आता काय करणार' असं म्हणून बसणाऱ्यांनाही वेळेवर जेवण, ठरलेली झोप आणि या औषधांनी बराच उतार पडतो.

चक्कर पहिल्यांदाच आली आणि तिच्यासोबत जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला किंवा धरूनही उभं राहता येईना, तर मायग्रेनचा विचार बाजूला ठेवावा, घराण्यात ते कितीही असो. हा मेंदूचा झटका असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि कोल्हापूर घाटापलीकडे साधारण १३० किलोमीटरवर आहे. तेव्हा १०८ ला फोन लावून सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळेल, हे विचारून मगच गाडी काढावी.