टेनिसमध्ये ब्रेक कुठे असतो?

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख देते म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जो हशा पिकला, तो अजून थांबलेला नाही. शुद्धलेखन आईने तपासलंय. तरीही चुका उरल्या असतील तर त्या माझ्या, आणि गणित चुकलं असेल तर तेही माझंच. आईचं कॉमर्स आहे.

तर गोष्ट गेल्या वर्षीची. आंतरमहाविद्यालयीन टेनिसची मॅच. समोरच्या मुलीने माझ्या फोरहँडला लांब, अगदी साइडलाइनला घासून जाणारा बॉल मारला. मी सुटले. पोहोचले, बॉल परतही केला. इथपर्यंत सगळं छान होतं. पण शरीर थांबेना! उजवा पाय जागेवर रोवला गेला, बाकीची मी पुढे गेले, आणि जांघेत काहीतरी 'कट्' झालं. स्नायू फाटला होता. सहा आठवडे विश्रांती, त्यातच सबमिशन, आणि वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला तासन्‌तास उभं राहणं. मॅच गेली ती गेलीच.

कोर्टाची देखभाल करणारे एक मामा आहेत. त्यांनी बर्फ आणून दिला आणि म्हणाले, "पोरी, पळायलीस तर लई भारी. पण थांबायचं कोण शिकवणार तुला?"

तेव्हा राग आला होता. अकराव्या वर्षापासून खेळतेय मी, आणि मला थांबायला शिकवणार? मग घरी पाय उशीवर ठेवून पडल्या पडल्या विचार करायला लागले. खरंच, मला थांबायला कोणी शिकवलंच नव्हतं. ग्राउंडला फेऱ्या मारल्या, स्प्रिंट मारले, दोरीवरच्या उड्या मारल्या. स्ट्रेचिंग म्हणजे सर यायच्या आधी पायाचे अंगठे धरून दोन मिनिटं टाइमपास. गाडीचं इंजिन रोज ट्यून करायचं आणि ब्रेककडे बघायचंच नाही, असा प्रकार.

आता जरा एफईचं मेकॅनिक्स आठवा. (सॉरी. पण एकदा तरी त्याचा उपयोग होतोय हे बघा!)

सिंगल्सच्या कोर्टाची रुंदी ८.२३ मीटर असते. मध्यभागी उभं राहिलं तर साइडलाइन जेमतेम चार मीटरवर. त्यात हाताची लांबी आणि रॅकेट वजा करा, म्हणजे पायांना काटायचं अंतर आणखी कमी. एवढ्याशा जागेत खेळाडू वेग घेतो, बॉल मारतो, थांबतो आणि उलट्या दिशेने परत निघतो. शंभर मीटरच्या धावपटूला फिनिश लाइननंतर थांबायला भरपूर जागा असते. टेनिसवाल्याला ती मिळत नाही.

समजा माझं वजन ५५ किलो (समजाच, विचारू नका) आणि बॉलपाशी पोहोचताना वेग सेकंदाला ४ मीटर. गतिज ऊर्जा झाली ४४० ज्यूल. ही सगळी मुरवल्याशिवाय मी थांबू शकत नाही. शेवटच्या पावलात शरीराचा मध्य अर्ध्या मीटरात थांबवला, तर सरासरी ८८० न्यूटन बल लागतं. तेच एक मीटरमध्ये थांबवला तर ४४०. सरळ निम्मं! ही झाली सरासरी. पाय टेकतो त्या पहिल्या क्षणाचा झटका याहून मोठा असतो.

आता घर्षण बघा. माझं वजन न्यूटनमध्ये साधारण ५४०. म्हणजे अर्ध्या मीटरात थांबायला बूट आणि कोर्ट यांच्यात घर्षणाचा गुणांक १.६ च्या वर हवा, एक मीटरमध्ये थांबायला ०.८ पुरतो. एवढं घर्षण मिळालं नाही तर पाय घसरतो. आणि समजा मिळालंच, तर तो सगळा भार घोटा, गुडघा, जांघ यांतून वर जातो. माझी जांघ तिथेच गेली.

मग हे जास्तीचं अर्धं मीटर आणायचं कुठून? कोर्ट तर वाढत नाही.

ते शरीरातूनच येतं. पाय लांब टाकून खाली बसत जाणं, म्हणजे लंज. घोटा वाकतो, गुडघा वाकतो, खुबा उघडतो, कंबर खाली येते, आणि या सगळ्या वेळात वेग हळूहळू मुरत राहतो. बाइकच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ट्रॅव्हल म्हणतात ना, तसंच. ट्रॅव्हल कमी असेल तर छोट्या खड्ड्यालाही धक्का थेट कण्यात. (सोलापूरकरांना खड्ड्यांचं उदाहरण वेगळं समजवायला नको.) घोटा आखडलेला असेल तर गुडघा पुढे येत नाही, गुडघा पुढे येत नाही म्हणून कंबर खाली जात नाही, आणि मग शरीर उभंच्या उभं थांबवावं लागतं. एका सांध्याची चूक, शिक्षा दुसऱ्याला.

म्हणूनच मला वाटतं, लवचिकता या शब्दाने आपली फसवणूक होते. ऐकलं की डोळ्यांसमोर जिम्नॅस्टिक येतं, पाय डोक्यामागे नेणारी मुलगी येते. टेनिसला तसली लवचिकता नकोच आहे. इथे हवी असते भार असताना, वेगात असताना, ताबा न सोडता वाकता येणारी लवचिकता. नुसतीच सैल सांध्यांची माणसंही पटकन दुखावतात, कारण टोकाच्या स्थितीत सांधा धरून ठेवायला स्नायूंची ताकद नसते. स्प्रिंग मऊ हवी, पण तुटकी नको.

डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सोलापुरात महिलांची आयटीएफ स्पर्धा झाली होती. मी बारावीत होते, क्लास बुडवून बघायला गेले. (आई, हे तपासताना कळेलच तुला.) तेव्हा माझं लक्ष फक्त फटक्यांवर होतं. आता आठवलं की वेगळंच काही आठवतं, ते म्हणजे बुटांचा आवाज. छोटी छोटी पावलं, चिक्-चिक्-चिक्, आणि बॉलपाशी जाऊन एक लांब, जवळजवळ मुका पाय. आमच्या मॅचमध्ये उलटं असतं. आधी धाडधाड, मग शेवटी एक किंचाळी! कधी बुटाची, कधी माझी.

आणि समोरची बॉल मारायच्या क्षणी त्या प्रत्येक वेळी एक बारीकशी उडी घ्यायच्या. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. मला ती नुसती सवय वाटायची, पण तिच्यामागेही हिशोब आहे. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. हवेचा विरोध आणि टप्पा यांनी वेग घटतो हे धरूनही, तुमच्या हातात अर्ध्या सेकंदाहून थोडाच जास्त वेळ. त्यातला पाचवा हिस्सा सेकंद नुसतं दिसून मेंदूला कळण्यातच जातो. उडीतून दोन्ही पाय जमिनीवर येतात तेव्हा पोटऱ्या आणि मांड्या ताणलेल्या स्प्रिंगसारख्या भरलेल्या असतात. बॉल डावीकडे की उजवीकडे हे नेमकं तेव्हाच कळतं, आणि ती साठलेली ऊर्जा त्या बाजूला सोडता येते. टाचांवर उभी असलेली खेळाडू तेवढ्या वेळात फक्त दचकते.

कमी पळण्याचा दुसरा भाग भूमितीचा, आणि हा मला सगळ्यांत आवडला. फटका मारून झाला की धावत मध्यभागी यायचं, असं आम्हाला लहानपणी शिकवलं होतं. ते अर्धंच खरं आहे. समोरच्याचे सगळ्यांत डावीकडचा आणि सगळ्यांत उजवीकडचा असे जे दोन शक्य फटके, त्यांच्यातल्या कोनाच्या दुभाजकावर उभं राहायचं असतं. मी उजव्या कोपऱ्यातून तिरका बॉल मारला, तर हा दुभाजक मध्यरेषेच्या उजवीकडेच पडतो. मला पूर्ण मध्यापर्यंत यावंच लागत नाही. तोच बॉल सरळ रेषेत मारला, तर मात्र मध्य ओलांडून पलीकडे पळावं लागतं. म्हणजे दमल्यावर कुठला फटका मारायचा, हे हातापेक्षा पायांना विचारून ठरवावं. मोठे खेळाडू आरामात खेळताहेत असं आपल्याला वाटतं ना, त्यातला बराच आराम असा आधीच हिशोब करून ठेवलेला असतो.

आता ज्या माणसामुळे हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येते. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊ एशियाडमध्ये मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण भारताला मिळालं. जोडी होती श्रीरामपूरला जन्मलेली आपली ऋतुजा भोसले आणि कूर्गचा रोहन बोपण्णा. फायनलला चिनी तैपेईविरुद्ध पहिला सेट २-६ गेला, मग ६-३, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. ऋतुजा २७ वर्षांची, बोपण्णा ४३ चा! चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि तो दुहेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.

आणि याच माणसाच्या गुडघ्यांत कूर्चा उरली नव्हती, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. हाडांमधली गादीच झिजलेली. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळायचा. २०२१ मध्ये तर बरेच महिने एकही मॅच जिंकता येईना, तेव्हा खेळ सोडायचा विचार मनात आला होता. त्याला तारलं ते अय्यंगार योगाने, हेही त्याचंच म्हणणं.

हे वाचून मी उडालेच. कारण अय्यंगार योग म्हणजे आपलं पुणं! बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले ते २०१४ मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. त्यांची संस्था १९७५ पासून तिथे आहे. त्यांच्या पद्धतीत विटा, पट्टे, दोर, खुर्च्या यांचा आधार घेतात. आसनात नेमकं कुठलं हाड कुठे, भार कशावर, याला महत्त्व. आणि त्या स्थितीत बराच वेळ थांबायचं. पुन्हा तेच, थांबायचं! माझ्या भाषेत सांगायचं तर ही फिक्स्चर लावून केलेली अलाइनमेंट आहे. कूर्चा काही योगाने परत उगवत नाही. पण खुबा नीट उघडायला लागला, मांडीचे स्नायू आपला वाटा उचलायला लागले, तर गुडघ्यावर येणारा भार नक्की बदलतो. बोपण्णाच्या बाबतीत हेच झालं असावं, असा माझा अंदाज.

अर्थात यातून योग केला की चाळिशीत कोणीही चॅम्पियन होतं, असा अर्थ काढू नका. डबल्समध्ये अर्धं कोर्ट जोडीदार सांभाळतो, धावणं कमी असतं. सिंगल्समध्ये हे जमलं नसतं. तिथलं उदाहरण हवं तर नोव्हाक जोकोविच. हार्ड कोर्टवर दोन्ही पाय फाकवून घसरत जातो, आणि त्याच स्थितीतून बॉल परत करून उठतोही. ३७ व्या वर्षी, २०२४ मध्ये, पॅरिसला त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पण त्याच्या दोनच महिने आधी फ्रेंच ओपनमध्ये त्याच्याच उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटून ऑपरेशन झालं होतं. जगातला सगळ्यांत लवचिक म्हणावा असा खेळाडू, तरी! लवचिकता हा विमा नाही. अपघाताची शक्यता कमी होते, आणि अपघातातून उठायला मदत होते, एवढंच. बोपण्णाही नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालाच.

आणखी एक चूक, जी मी वर्षानुवर्षं केली. मॅचच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिट-मिनिटभर ताणून धरायचा नाही. त्याने थोड्या वेळापुरती स्नायूची झटक्यात जोर लावायची क्षमता घटते. आधी हलतं वॉर्म-अप करायचं, म्हणजे पाय झुलवणं, चालत लंज, बाजूला शफल. धरून ठेवायचं ताणणं खेळ संपल्यावर किंवा वेगळ्या वेळी. आमच्याकडे नेमकं उलटं चालायचं, आणि खेळ संपल्यावर सगळे थेट वडापावच्या गाडीवर.

माझ्या बाबतीत काय झालं? फिजिओनी जांघ बघायच्या आधी घोटा बघितला. भिंतीसमोर एक पाय ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा, आणि तो लागेल इतपत पाय मागे मागे न्यायचा. मग अंगठा ते भिंत अंतर मोजायचं. साधारण दहा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. माझा डावा साडेनऊ. उजवा, जो रोवला गेला होता तो, पाच! शाळेत असताना एकदा मुरगळला होता, 'होईल बरा' म्हणून सोडून दिला होता. इतकी वर्षं त्या पाच सेंटिमीटरवर मी स्प्रिंट मारत होते.

आता रोज सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, घरच्या गच्चीत वीस मिनिटं. घोटा, पोटरी, खुबा, मग वजन घेऊन हळू लंज. दर रविवारी वर्कशॉपच्या स्टील रूलने मोजून जर्नलच्या मागच्या पानावर लिहिते. सरांनी ते पान बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं एक्सपेरिमेंट?" मी म्हटलं, "सर, सस्पेन्शन." ते पुढे काही बोलले नाहीत.

परवाच्या रविवारी उजवा साडेआठ भरला. कोर्टावर अजून लांबचा बॉल आला की पोटात गोळा येतो, आणि दहातले तीन तरी मी सोडून देते. मामांनी ते पाहिलंय. गेल्या आठवड्यात एकदा मी खाली बसत, पाय लांब टाकत, नीट थांबले. बॉल नेटमध्ये गेला. ते लांबून ओरडले, "बॉल जाऊ दे गं, थांबलीस बघ!"

कुणाला आपला घोटा मोजायचा असेल तर स्टील रूल माझ्याकडे आहे, मेकॅनिकल एसई, मागून दुसरा बेंच. बूट काढून या.