आठचं टार्गेट: एचआरमुळे बँक कशी घसरते?

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल: एचआर आणि बँकेची कामगिरी. पण एचआर म्हणजे फक्त जॉइनिंग लेटर आणि दिवाळी पार्टी नाही. टार्गेट किती, बढती कशावर, तक्रार करणाऱ्याचं काय करायचं, हे सगळं त्यातच येतं. आणि बँक कशी चालणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक घ्या. प्रत्येक ग्राहकाच्या घरात आपली आठ प्रॉडक्ट्स हवीत, हे तिचं ध्येय. आठच का? तर इंग्रजीत 'एट'चं 'ग्रेट'शी यमक जुळतं म्हणून! खाती, कार्डं, लोन, काहीही विका. ब्रँचमधल्या लोकांचा बोनस त्यावर, नोकरीही त्यावरच. आकडा गाठता येईना, तेव्हा अनेकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली.

सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. तोवर पाचेक वर्षांत सुमारे ५,३०० जणांना काढलं होतं. पुढे संशयास्पद खात्यांचा अंदाज ३५ लाखांवर गेला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. एकाच मशीनवर एरर आला तर त्या मशीनमध्ये लोचा असू शकतो. हजारो मशीनवर तोच एरर आला, तर कोडच तपासावा लागतो. इथे कोड म्हणजे टार्गेट आणि बोनसचे नियम. माणसं काढत राहिले, नियम तसेच राहिले.

बरं, चूक कळवायची सोय होती का? एथिक्स हॉटलाइन होती. पण गैरप्रकार कळवणाऱ्या एका मॅनेजरलाच काढलं गेलं. २०१७ मध्ये सरकारच्या कामगार खात्याने त्याला परत घ्या आणि सुमारे ५४ लाख डॉलर द्या, असा आदेश दिला.

ऑक्टोबर २०१६ पासून बँकेने ब्रँचमधली विक्रीची टार्गेट्स बंद केली. तरी २०१८ मध्ये फेडरल रिझर्व्हने बँकेच्या वाढीवरच मर्यादा घातली. ती उठायला जून २०२५ उजाडलं!

तुमच्यापैकी कितीतरी जण बँकेच्या परीक्षांची तयारी करताय. नोकरी लागली की पगारासोबत दोन गोष्टी जरूर विचारा: इथे माझं काम कशावर मोजणार? आणि काही चुकीचं दिसलं तर सांगायचं कोणाला? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गप्प बसला, तर समजून जा.