क्ष-किरणांत रंग शोधणारा टीव्ही इंजिनिअर

सोनोग्राफी पित्ताशयातल्या खड्यांसाठी केलेली असते आणि रिपोर्टच्या तळाशी भलतीच ओळ सापडते: यकृताच्या उजव्या भागात दीड सेंटिमीटरचा डाग, पुढील तपासणी करावी. मग क्रिएटिनिनची चाचणी, हाताच्या शिरेत सुई, कॉन्ट्रास्ट आत जाताना अंगभर पसरणारी ऊब आणि ‘ट्रायफेजिक सीटी’. एवढं सगळं होऊनही कधीकधी रेडिओलॉजिस्टला लिहावं लागतं की डागाचं स्वरूप निश्चित सांगता येत नाही. आता मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातींत ‘स्पेक्ट्रल सीटी’चं नाव आणि यकृताची रंगीत चित्रं दिसू लागली आहेत. साहजिकच लोक विचारतात, हे यंत्र तो डाग ओळखेल का?

उत्तराची सुरुवात यकृताच्या रक्तपुरवठ्यापासून करायला हवी. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतं, उरलेलं धमनीतून. यकृतातच उद्भवणारा कर्करोग मात्र बहुतांशी धमनीवर पोसला जातो. त्यामुळे कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन शिरेत सोडल्यावर ३५ सेकंदांच्या आसपास काढलेल्या चित्रात तो उजळतो, आणि ७० सेकंदांच्या सुमारास बाकीचं यकृत उजळायला लागलं की फिका पडू लागतो. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेकडेने उजळते आणि सावकाश आत भरत जाते. पाण्याची गाठ आयोडीन घेतच नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून यकृतात पसरलेल्या गाठी बहुधा थोडंच घेतात. सगळा निवाडा एवढ्यावर येऊन ठेपतो: डागात आयोडीन किती गेलं आणि कधी गेलं?

नेमकं हेच साधी सीटी थेट सांगू शकत नाही. ती प्रत्येक बिंदूला एकच आकडा देते. पाण्याला ०, हवेला उणे १०००, कॉन्ट्रास्ट देण्याआधीच्या निरोगी यकृताला साधारण ६०. एखाद्या डागाचा आकडा ८० आला, तर तो आयोडीनमुळे की आत साकळलेल्या रक्तामुळे, हे त्या आकड्यावरून समजत नाही.

बाजारातून ज्वारी आणि तूरडाळ एकाच पिशवीत मिसळून आली असं समजा. पिशवीचं वजन ५ किलो. त्यात ज्वारी किती आणि डाळ किती, हे नुसत्या वजनावरून कोणालाच सांगता येणार नाही. पण बिल ४५० रुपये झालं आहे, ज्वारी ५० रुपये किलो आणि डाळ १५० रुपये किलो आहे, हे ठाऊक असेल तर नववीतली मुलगी दोन ओळींत उत्तर काढेल: ३ किलो ज्वारी, २ किलो डाळ. स्पेक्ट्रल सीटी हेच करते. एकाच जागेचं मोजमाप कमी ऊर्जेच्या आणि जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांनी करून ती दोन समीकरणं मिळवते. ती सुटतात, कारण आयोडीनचा ‘दर’ फार वेगळा आहे. यकृत मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन या हलक्या अणूंचं बनलेलं. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. यंत्राचा विद्युतदाब ८० किलोव्होल्टवरून १४० वर नेला तर यकृताचा आकडा फारसा हलत नाही, आयोडीनमुळे वाढलेला आकडा मात्र निम्म्याच्या आसपास येतो.

ही युक्ती सीटीइतकीच जुनी आहे, हे वाचल्यावर थक्क व्हायला होतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. यंत्र होतं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं. दोन वर्षांनी आपल्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध करतानाच त्यांनी नोंदवलं की, एकाच छेदाची १०० आणि १४० किलोव्होल्टवर दोन चित्रं घेतली तर आयोडीन आणि कॅल्शियम वेगळं ओळखता येतं. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं, आणि ते रास्तच होतं. पण या सूचनेला गणिताचा भक्कम पाया देणाऱ्या दोघांची नावं रेडिओलॉजीच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणाला माहीत नाहीत.

त्यांतले एक अल्बर्ट माकोव्स्की. हे मूळचे टीव्हीचे इंजिनिअर. आधी आरसीए कंपनीत आणि पुढे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ते होते. त्या काळी रंगीत टीव्ही कॅमेऱ्यात वेगवेगळ्या रंगांसाठी वेगवेगळ्या नळ्या लागत, त्यामुळे कॅमेरा अवजड आणि महाग होई. माकोव्स्कींनी पट्ट्यापट्ट्यांच्या गाळण्या वापरून सगळ्या रंगांची माहिती एकाच नळीत गुंफण्याची रीत काढली. चाळिशी ओलांडल्यावर हा माणूस वैद्यकीय चित्रणाकडे वळला. रंग सुटे करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या इंजिनिअरला क्ष-किरणांचं काळंपांढरं चित्र अपुरं वाटलं असेल, तर त्यात नवल काय! क्ष-किरणांच्या झोतातही अनेक ऊर्जांचे किरण मिसळलेले असतात. शोधक (डिटेक्टर) मात्र त्यांची नुसती बेरीज करतात.

१९७६ मध्ये माकोव्स्की आणि स्टॅनफर्डमधले त्यांचे सहकारी रॉबर्ट अल्वारेझ यांनी दाखवून दिलं की, शरीरातला कोणताही ऊतक क्ष-किरण कसे अडवतो हे दोनच संख्यांत सांगता येतं. एक प्रकाशविद्युत परिणामाची, जो जड अणूंत प्रचंड वाढतो आणि ऊर्जेबरोबर झपाट्याने घटतो. दुसरी कॉम्प्टन विकिरणाची, जी ऊतकातल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर अवलंबून असते. आजच्या प्रत्येक स्पेक्ट्रल यंत्राच्या मुळाशी हा विचार आहे.

मग एवढी वर्षं का लागली? पहिल्या यंत्राला एका फेरीला मिनिटं लागत. डोकं स्थिर धरता येतं. यकृत प्रत्येक श्वासाला वरखाली सरकतं आणि त्यातलं आयोडीन सेकंदागणिक बदलतं. दोन चित्रं दोन वेगळ्या क्षणांची असतील तर समीकरणं जुळणारच नाहीत. शिवाय कमी दाबावर पुरेसे किरण देणाऱ्या नळ्या नव्हत्या. १९८० च्या दशकात हाडांतलं कॅल्शियम मोजायला ही पद्धत वापरली गेली आणि मागे पडली. २००६ मध्ये सीमेन्सचं दोन नळ्यांचं यंत्र रुग्णालयांत आलं, तेव्हा तिला नवं आयुष्य मिळालं. जीईने एकाच नळीचा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात बदलण्याचा मार्ग धरला. फिलिप्सने शोधकच दुपदरी केला: वरचा थर कमी ऊर्जेचे किरण टिपतो, खालचा जास्त ऊर्जेचे.

याचा यकृताच्या रुग्णाला फायदा कुठे होतो? सिऱ्होसिसने खडबडीत झालेल्या यकृतात लहानशी गाठ जेमतेम उजळते. ४० ते ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचं गणिती चित्र तयार केलं की आयोडीन ठळक होतं आणि गाठ उठून दिसते. कर्करोगाच्या रुग्णाच्या यकृतातला बारीक काळा ठिपका पाण्याची गाठ आहे की पसरलेला रोग, या जिवाला घोर लावणाऱ्या प्रश्नात आयोडीनचा नकाशा मदत करतो. गाठ उष्णतेने जाळल्यावर तिथलं साकळलेलं रक्त कॉन्ट्रास्टशिवायही उजळ दिसतं. आयोडीनचा नकाशा सांगतो की कडेला जिवंत भाग उरला आहे की नाही. पोर्टल शिरेतली गुठळी नुसत्या रक्ताची की कर्करोगाची, हेही त्याच वाटेने तपासता येतं.

जाहिरातीतल्या रंगांवर मात्र जपून विश्वास ठेवावा. तो रंग गणिताने भरलेला असतो, यकृताचा नसतो. पिशवीत तिसरा जिन्नस निघाला तर दोन समीकरणं अपुरी पडतात, आणि यकृतात असे जिन्नस असतात: फॅटी लिव्हरमधली चरबी, साठलेलं लोह. कर्करोगाच्या गाठीची धमनी बंद करताना लिपिओडॉल वापरलं असेल तर अडचण आणखी वाढते, कारण १९०१ मध्ये मार्सेल गर्बे यांनी बनवलेलं हे द्रव्य म्हणजे आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेलच! तिथे नकाशा उजळला म्हणून गाठ जिवंत आहे असं म्हणता येत नाही. ‘इतक्या मिलिग्रॅमच्या वर आयोडीन म्हणजे कर्करोग’ अशी सगळ्या यंत्रांना लागू पडणारी रेषाही नाही. आकडा यंत्रागणिक आणि रुग्णाच्या रक्ताभिसरणाप्रमाणे बदलतो. अगदी लहान गाठींसाठी एमआरआय आजही सरस आहे, आणि काही डागांचा निकाल बायोप्सीच देते. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर ‘आमची सीटी स्पेक्ट्रल होती’ म्हणून तो टाळू नये.

पुढचं पाऊल पडलेलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या फोटॉन-गणक सीटीत कॅडमियम टेल्युराइडचा स्फटिक प्रत्येक फोटॉन वेगळा मोजतो आणि त्याची ऊर्जाही नोंदवतो. म्हणजे दोनाऐवजी तीन-चार ऊर्जा-कप्पे, आणि तिसरा जिन्नस ओळखण्याची सोय. ५०.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला गॅडोलिनियम या धातूचं शोषण एकदम उसळी घेतं. म्हणून संशोधक एक वेगळाच बेत तपासत आहेत: आधी एक द्रव्य, थोड्या वेळाने दुसरं, आयोडीन आणि गॅडोलिनियम असं पाठोपाठ सोडायचं आणि एकदाच स्कॅन करायचा. एक द्रव्य धमनीचा टप्पा दाखवेल, दुसरं पोर्टल शिरेचा, आणि रुग्णाला दोनदा किरण घ्यावे लागणार नाहीत. हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. सीटीत उठून दिसण्याइतकं गॅडोलिनियम माणसाला सुरक्षितपणे देता येईल का, हा प्रश्न आधी सुटायला हवा.