ग्राहकाचे मन आणि मालाची माहिती

एकाच दुकानात, एकाच फळीवर ठेवलेला प्रेशर कुकर दोन गिऱ्हाइके निरखीत आहेत, अशी कल्पना करा. एकाची दृष्टी ‘अन्न लवकर शिजते, इंधन वाचते’ या शब्दांवर खिळते. दुसरे सुरक्षा-झडप, हमीची मुदत आणि आय.एस.आय. चिन्ह शोधू लागते. वेष्टनावरील मजकूर एकच. तरी दोघांनी वाचलेला मजकूर मात्र भिन्न! असे का व्हावे?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टोरी हिगिन्स यांनी १९९७ साली मांडलेला सिद्धांत या प्रश्नावर प्रकाश टाकतो. मनुष्य सुखाकडे धावतो व दुःख टाळतो, हे सर्वविदितच आहे. परंतु ध्येयाकडे जाण्याच्या मनाच्या रीती दोन आहेत, असे हिगिन्स यांचे प्रतिपादन. काही मिळवावे, उन्नती व्हावी अशी ओढ असते तेव्हा मन लाभाच्या खुणा टिपते; हिला आपण ‘आकांक्षावृत्ती’ म्हणू. कर्तव्य चुकू नये, हानी होऊ नये अशी काळजी असते तेव्हा ते धोक्याच्या खुणा टिपते; ही ‘दक्षतावृत्ती’ होय. यांपैकी एखादी वृत्ती स्वभावतः प्रबळ असते. पण प्रसंगानुसार ती पालटतेही.

जेनिफर आकर व अँजेला ली यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. द्राक्षरसाची माहिती त्यांनी दोन प्रकारे मांडली. एकीत रसाने शक्ती व उत्साह लाभतो असे म्हटले होते. दुसरीत हृदयविकार व काही कर्करोग यांचा धोका कमी होतो, असे. ज्यांचे लक्ष स्वतःकडे वळविले होते त्यांना पहिली माहिती अधिक पटली. ज्यांच्या मनात कुटुंबाचा विचार जागविला होता त्यांना दुसरी. रस तोच, मन वेगळे!

२००४ साली मायकेल फाम व तमार अवनेट यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. आपल्या आकांक्षांचे स्मरण केलेले लोक जाहिरात मनाला कितपत भावली यावरून मत बनवितात. कर्तव्यांचे स्मरण केलेले लोक तिच्यातील विधानांचे बळ तपासतात.

यावरून दक्षता तेवढी श्रेष्ठ, असे मात्र समजू नये. सुंदर स्वप्न दाखवून जसा माल खपविता येतो, तसाच भय दाखवूनही येतो. आपल्या मनाची वृत्ती कोणती, हे न ओळखणारा ग्राहक दोन्ही वेळा विक्रेत्याच्या हाती सापडतो.

मालाचा दर्जा, शुद्धता, परिमाण व किंमत जाणून घेण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपणांस दिला आहे. घरगुती प्रेशर कुकरवर आय.एस.आय. चिन्ह असणे २०२० च्या आदेशाने बंधनकारक केले. परंतु चिन्ह छापलेले असले तरी ते पाहणारी दृष्टी ग्राहकाचीच हवी. म्हणून खरेदीपूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत : यापासून मला काय लाभेल? आणि यात माझी हानी कशाने होऊ शकेल? दोहोंची उत्तरे वेष्टनावर शोधावीत, आणि मगच पैसे मोजावेत.