ओल्या कापसाचा खेळ

2016 च्या फेब्रुवारीत 'स्टारड्यू व्हॅली' आला. एरिक बॅरोन या अमेरिकन माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्याने, चारेक वर्षं खपून केलेला शेतीचा खेळ. सुरेखच आहे. पण त्यात माल पेटीत टाकला की रात्रीतून पैसे जमा, तेही ठरल्या भावाने! तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे दाखवून बघा. त्याच उन्हाळ्यात मी माझा खेळ करायला घेतला, नोकरी सांभाळून, रात्री जमेल तसा.

खेळ एवढाच: वेचलेला कापूस घरात पडलाय, तो कधी विकायचा? सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, पूर्ण हमीभाव देते तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे दर टक्क्याला एक टक्का कापतात, आणि 12 च्या वर गेला तर घेतच नाहीत. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे 7521 रुपये होते, म्हणजे एका टक्क्याला पंचाहत्तर रुपये गेले. वाळवत बसावं तर घरखर्च थांबत नाही, थंडीत सकाळचं धुकं पुन्हा ओल धरवतं, आणि खाजगी व्यापारी कमी भावाने का होईना, रोख द्यायला तयार असतो.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत ओलाव्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा. गल्लीतली पोरं तो 8 वर येईपर्यंत 'झोपा'चं बटण दाबत बसायची. आकडा काढला, तर चिडली. मग ढिगात हात घालायची सोय केली: बोटाने कापूस दाबायचा आणि सोडल्यावर तो किती चटकन फुलतो ते बघायचं. वाळलेला लगेच उसळतो, ओला दबून राहतो. शेजारच्या मामांनी फोन हातात घेतला, दोन-तीनदा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे बरं हाये, पण सरकी दातानं फोडून पाह्याची सोय कुठी हाये?" त्या रात्री सरकी फुटल्याचा आवाज घातला. 'कट्' वाजलं की वाळली, नुसतीच चेपली तर थांबा. खेळ खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला. हा भाग इतका घोटला गेला याचं कारण साधं आहे. कोडमधला एक आकडा बदलायचा, लगेच चालवून बघायचं, नाही पटलं तर परत फिरवायचं.

शब्दांचं अगदी उलट. मी 'गोडो' हे खेळ बनवायचं फुकट मिळणारं इंजिन वापरतो. त्याच्या तिसऱ्या पिढीपर्यंत देवनागरीची जुळणी नीट होतच नव्हती. 'किती' लिहिलं की पहिली वेलांटी 'क' ओलांडून पलीकडे जाऊन पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. तेलुगूचीही तीच गत, आणि इथली पोरं घरी मराठी बोलली तरी पुष्कळ जणांची शाळा तेलुगू. मग एकेक वाक्य चित्र म्हणून घालावं लागे. एक शब्द बदलायचा तरी ते चित्र नव्याने करा, मापात बसवा. साहजिकच व्यापारी वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत राहिला: "आज विका, उद्या भाव पडेल." कुणी त्याला भीक घालत नसे. गोव्यातून एकट्याने काम करणाऱ्या अरमान संधू यांचे 'रेनस्वेप्ट' आणि 'फरगॉटन फील्ड्स' 2019 आणि 2021 मध्ये आले, दोन्ही कथेवर पेललेले आणि इंग्रजीत. मला त्यांचा हेवा वाटायचा तो या इंग्रजीसाठी.

2023 च्या मार्चमध्ये गोडो 4 आलं आणि मजकूर मजकूरच राहू लागला. आता व्यापाऱ्याची वाक्यं मी आकड्यांसारखी बदलतो. धमकी काढली, गोड बोलणं घालून पाहिलं, तेही काढलं. सध्या तो म्हणतो, "राहू द्या, घाई काय हाये," आणि गाडीकडे वळतो. तो वळला की निम्मी पोरं विकून मोकळी होतात.

नकाशा मात्र जुनाच आहे. तो पहिल्या उन्हाळ्यात हाताने एकसंध रंगवलेला, आणि 11 ऑक्टोबर 2016 ला जिल्ह्याचे चार झाले. माझ्या खेळात निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद अजून आदिलाबाद जिल्ह्यातच आहेत.