‘आयुष्यभराचे’ तेल आणि गिअरबॉक्सचे आयुष्य : ऑटोमॅटिक पिकअपमधील तेलबदल घरी करताना

इरुंगाट्टुकोट्टै (चेन्नई) : चेन्नईहून बंगळुरूकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 48 श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीजवळून जातो. हाच महामार्ग पुढे बेळगाव, कोल्हापूर, कराड, सातारा आणि पुणे ओलांडून मुंबईला पोहोचतो. ह्युंदाईने 1998 मध्ये ‘सँट्रो’ येथूनच बाजारात आणली आणि 1990 पासून मोटारशर्यतींची धावपट्टीही याच परिसरात आहे. गाड्या जन्माला घालणाऱ्या या टापूत आणि महामार्गाच्या महाराष्ट्रातील टोकालाही एक प्रश्न सारखाच विचारला जाऊ लागला आहे. क्लचचा पेडल नसलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समधील तेल बदलावे का, आणि ते घरच्या घरी बदलता येते का?

प्रश्नाला निमित्त आहे ते ऑटोमॅटिक गाड्यांच्या वाढत्या वापराचे. पिकअप हे भारतात दीर्घकाळ मालवाहतुकीचे, हाताने गिअर बदलायचे वाहन होते. इसुझूने 2019 मध्ये ‘व्ही-क्रॉस’ ही पिकअप ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आणली. 2022 मध्ये टोयोटाची ‘हायलक्स’ तशीच सोय घेऊन आली. शेत, फळबाग, बांधकाम आणि कौटुंबिक प्रवास अशा सर्वच कामांसाठी अशी वाहने घेणाऱ्यांना इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलण्याची सवय असते. गिअरबॉक्सच्या तेलाबाबत मात्र ‘ते आयुष्यभराचे आहे’ एवढेच कानावर आलेले असते.

तेल करते तरी काय?

हाताने गिअर बदलायच्या गाडीत तेलाचे मुख्य काम दातेरी चाकांना वंगण पुरवणे हे असते. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल पाच कामे करते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा बंद डबा असतो. त्याच्या एका बाजूची पाती इंजिनाबरोबर फिरतात आणि तेल समोरच्या पात्यांवर फेकतात. त्या प्रवाहाच्या रेट्याने चाकांकडे शक्ती जाते. दुसरे काम दाबाचे. कोणता गिअर पडावा हे ठरवणारे आतले क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात. त्याशिवाय वंगण, उष्णता वाहून नेणे आणि झिजेचे कण गाळणीपर्यंत पोहोचवणे ही कामेही त्याच्याकडेच असतात.

सर्वांत नाजूक बाब घर्षणाची आहे. क्लचच्या चकत्यांवर कागदासारख्या पदार्थाचा थर असतो. त्या सुरुवातीला अलगद सरकाव्यात आणि मग घट्ट धराव्यात यासाठी तेलात विशिष्ट रसायने मिसळलेली असतात. या कामासाठी अमेरिकेत एकेकाळी स्पर्म व्हेल माशाचे तेल वापरले जाई. 1970 मध्ये हा व्हेल तेथील संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आल्यावर उद्योगाला कृत्रिम पर्याय शोधावे लागले. तेव्हापासून प्रत्येक उत्पादकाची तेलाची प्रमाणके अधिकाधिक वेगळी होत गेली. म्हणूनच ‘कोणतेही लाल तेल चालते’ हा समज महागात पडतो. लाल रंग हा केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो. डब्यावर वाहनाच्या पुस्तिकेत छापलेले प्रमाणक शब्दशः जुळले पाहिजे.

‘आयुष्यभराचे’ म्हणजे किती?

अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत सामान्य वापरासाठी तेलबदलाची मुदत दिलेली नसते. मात्र त्याच पानावर किंवा पुढच्या तक्त्यात ‘खडतर वापर’ असा वेगळा रकाना आढळतो. ट्रेलर ओढणे, जड ओझे, डोंगराळ रस्ते, धूळ, तीव्र उन्हाळा आणि पुन्हापुन्हा थांबत चालणारी वाहतूक असे वर्णन तेथे असते. मे महिन्यात 40 अंशांच्या वर जाणारे चेन्नई, भाजीच्या पेट्या लादून चढायचा खंबाटकी घाट किंवा पुण्यातील संध्याकाळची कोंडी यांपैकी काहीही रोजचे असेल, तर ते वाहन खडतर रकान्यातच मोडते.

कारण उष्णता हेच आहे. तेलाचे तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याचे ऑक्सिडीकरण सुमारे दुप्पट वेगाने होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. जुने झालेले तेल क्लच नीट धरू देत नाही, घसरण वाढते, घसरणीमुळे उष्णता वाढते आणि उष्णतेने तेल आणखी खराब होते. हे चक्र एकदा सुरू झाले की त्याचा शेवट गिअरबॉक्स उघडण्यात होतो आणि त्या दुरुस्तीचा खर्च तेलाच्या किमतीच्या अनेक पट असतो.

आधी गिअरबॉक्स ओळखा

भारतात ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली चार वेगळी यंत्रे विकली जातात. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स हा त्यांपैकी एक. वर उल्लेखिलेल्या पिकअपमध्ये तोच असतो. एएमटी हा मुळात हाताचा गिअरबॉक्स असून त्याचा क्लच यंत्र दाबते. त्याला साधे गिअर ऑइल लागते. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी असते आणि तिला स्वतंत्र तेल लागते. त्यात नेहमीचे एटीएफ घातल्यास पट्टा घसरून नुकसान होते. दुहेरी क्लचच्या डीसीटीचे तेलही वेगळेच. पुढील कृती केवळ टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्ससाठी आहे.

वाहन हमीच्या मुदतीत असेल तर हे काम अधिकृत केंद्रातच करून पावती जपून ठेवणे शहाणपणाचे. गिअर बदलताना धक्का बसणे, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे किंवा तेलाला जळका वास येणे ही लक्षणे दिसत असतील, तर घरचा तेलबदल हा उपाय नव्हे. दूध मिसळल्यासारखे गुलाबी तेल दिसले, तर रेडिएटरमधील पाणी गिअरबॉक्समध्ये शिरत आहे असे समजावे आणि गाडी चालवू नये.

कामाचा क्रम

पहिला नियम सुरक्षिततेचा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. पिकअपचा तळ उंच असल्याने अनेकदा ती न उचलताही काम होते. उचलावीच लागली तर कठीण, सपाट जमिनीवर चारही बाजूंना सारख्या उंचीचे जॅक स्टँड हवेत, कारण तेलाची पातळी गाडी आडवी समतल असतानाच खरी कळते. इंजिन थोडे चालवून तेल कोमट करावे. ते पटकन निथळते. गरम तेल मात्र हात भाजते.

दुसरा नियम अनेक जण विसरतात. तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही, ते पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

इंजिन बंद करून खालचा बोल्ट काढावा आणि तेल माप असलेल्या भांड्यात घ्यावे. काही गिअरबॉक्समध्ये या बोल्टच्या आत पातळी दाखवणारी छोटी नळी असते. ती काढल्याशिवाय सर्व तेल बाहेर येत नाही आणि परत बसवल्याशिवाय भरताही येत नाही. नंतर तळाचे चेंबर उतरवावे. त्यातील लोहचुंबकांवर राखाडी, पेस्टसारखा लेप असणे स्वाभाविक आहे. नखाला टोचतील असे धातूचे तुकडे किंवा कीस दिसल्यास मेकॅनिकला दाखवावे. चुंबक पुसून मूळ जागी ठेवावेत, गाळणी आणि गास्केट नवे घालावे. चेंबरचे बोल्ट छोटे असतात. त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटरच्या आसपासचा ताणच पुरतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घेऊन मोजणीच्या पान्याने, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. जोर लावून आवळलेले चेंबर वाकते आणि तेथूनच गळती सुरू होते.

जेवढे तेल निघाले, तेवढेच नवे हातपंपाने भरावे. मग इंजिन सुरू करून ब्रेक दाबून ठेवावा आणि लिव्हर प्रत्येक स्थानावर काही सेकंद थांबवत पार्किंगवर आणावा.

खरी कसोटी यापुढे असते. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना तेल मोजण्याची पट्टीच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असताना पातळीचा बोल्ट उघडायचा आणि तेलाची सलग धार थांबून थेंब पडू लागले की तो बंद करायचा, अशी पद्धत असते. हे तापमान काही गिअरबॉक्समध्ये 40 अंशांच्या आसपास, तर काहींत 50 ते 60 अंश असते. ते हाताने स्पर्श करून ठरवता येत नाही. गाडीच्या संगणकाला जोडायचे छोटे स्कॅन यंत्र त्यासाठी हवे. गिअरबॉक्समध्ये 9 लिटर तेल असेल आणि ते 30 अंशांवरून 90 अंशांवर गेले, तर सुमारे 400 मिलिलिटरने फुगते. त्यामुळे चुकीच्या तापमानाला घेतलेली पातळी तेवढ्याच प्रमाणात चुकते. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो, जास्त झाले तर फेस होतो. दोन्हींत दाब घटतो. या वेळी इंजिन चालू असल्याने हँडब्रेक आणि चाकांना अडण्या अत्यावश्यक आहेत, आणि ब्रेकवर दुसरी व्यक्ती असावी.

एकदा बदलले म्हणजे सगळे बदलले का?

नाही. बरेच तेल टॉर्क कन्व्हर्टर, थंड करण्याच्या नळ्या आणि आतल्या पोकळ्यांत अडकून राहते. 9 लिटरपैकी 4 लिटर निघाले असे धरले, तर पहिल्या खेपेनंतर 56 टक्के तेल जुनेच उरते. काही शे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढेच बदलले तर 31 टक्के, आणि तिसऱ्या खेपेनंतर 17 टक्के. यंत्राने दाब देऊन सर्व तेल एकदम बदलण्यापेक्षा घरी ही टप्प्याटप्प्याची रीत सोपी आणि गाळ न ढवळणारी आहे. काही वाहनांत तेलबदलानंतर गिअरबॉक्सच्या संगणकाला नव्याने शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते. पुस्तिकेत तशी सूचना असेल तर ती टाळू नये.

जुन्या तेलाचे काय?

इरुंगाट्टुकोट्टैपासून जवळच चेंबरंबाक्कम तलाव आहे. 3.6 अब्ज घनफुटांहून अधिक क्षमतेचा हा तलाव चेन्नईला पिण्याचे पाणी पुरवतो आणि त्याचे जादा पाणी अड्यार नदीत जाते. पावसाळी गटारात ओतलेले तेल शेवटी अशाच एखाद्या तलावात, नदीत किंवा विहिरीत पोहोचते. 2016 च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, आणि त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी 1 एप्रिल 2024 पासून उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी काम करणाऱ्याने ते नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यातच भरावे, त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नये आणि अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणे किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडणे या जुन्या सवयी माती आणि पाणी दोन्ही नासवतात.

ज्याच्याकडे समतल जागा, मोजणीचा पाना, स्कॅन यंत्र, योग्य प्रमाणकाचे तेल आणि एक मदतनीस आहे, त्याला हे काम एका दुपारी जमण्यासारखे आहे. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर गॅरेजमध्ये जावे. तेथेही डब्यावरचे प्रमाणक स्वतः वाचावे, किती तेल निघाले आणि किती भरले ते विचारावे आणि पातळी कोणत्या तापमानाला तपासली, हेही विचारावे. या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे देणाऱ्या मेकॅनिकच्या हाती गाडी निर्धास्तपणे सोपवता येते.